वांग्याचं बुटकं झाड: न्हाणीपासून कुंडीपर्यंत



शहरातले पाहुणे शेतावर आले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "दादा, कुंडीत येईल असं बुटकं वांगं कुठं मिळंल?" काही जण मोबाईलवर पाकिटाचं चित्र दाखवतात. वितभर झाड, त्याला पाच-सात चिमुकली वांगी, आणि पाकिटात मोजून दहा-वीस बिया. भाव बघितला तर आपल्या गावात त्या पैशात अख्ख्या वाफ्याचं बी येतं.

लोकांना वाटतं, हे कुंडीतलं वांगं बाहेरच्या देशातून आलेलं काहीतरी नवीन आहे. आज त्याचीच कुळकथा सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरापाशी येणारं, बेताच्या वाढीचं वांगं आपल्याकडं फार जुनं आहे. परसातून ते मळ्यात गेलं, मळ्यातून बाजारात गेलं, बाजारासाठी बदललं, आणि आता कुंडीत बसून परत घराकडं यायला लागलंय. या सगळ्या फेऱ्यात त्याचं बियाणं कुणाच्या हातात राहिलं, हे बघणं आपल्या कामाचं आहे.

नावातच सगळा प्रवास आहे

वांग्याचं मूळ आपल्या भागातलं. भारत आणि आसपासच्या देशांत आजही काटेरी रानवांगी उगवतात, बांधावर, पडीक रानात. त्यातल्याच एका काटेरी भाऊबंदापासून माणसानं निवडत निवडत खायचं वांगं तयार केलं. कमी काटे, कमी कडवटपणा, मोठं फळ, अशी ती निवड होती. चरक आणि सुश्रुताच्या ग्रंथांत 'वार्ताक' या नावानं ते आहे. चीनमध्ये इसवीसनापूर्वी ५९ सालच्या एका लिखाणात वांग्याचा उल्लेख सापडतो, म्हणजे तोपर्यंत तिकडंही ते लावलं जात होतं.

संस्कृतात 'वातिंगण' असंही एक नाव आहे. आपलं 'वांगं' आणि हिंदीतलं 'बैंगन' त्याच घराण्यातलं. तेच नाव इराणात गेलं तिथं 'बादिंगान' झालं, अरबांकडं 'अल-बादिंजान' झालं, स्पेनकडून फ्रान्सला जाता जाता 'ओबर्जिन' झालं आणि पोर्तुगीजांच्या तोंडी 'बेरिंजेला' झालं. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले ते तो शब्द घेऊनच, आणि त्यातून इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' बसलं. आपल्याच घरातला शब्द जगभर फिरून साहेबाचा होऊन परत आला आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळीकडं बसला.

आता कुंडीचा विषय बघा. युरोपात वांगं पोचलं तेव्हा बराच काळ लोक ते खायला भ्यायचे. वांगं खाल्लं की डोकं फिरतं असा समज होता. इटलीत तर त्याच्या नावाचा अर्थच लोकांनी 'वेडं सफरचंद' असा लावला. मग झाड कशाला लावायचे? शोभेला. त्यात एक जात पांढऱ्या, अंड्याएवढ्या फळांची होती. झाडाला अंडी लागलीत असं वाटायचं. त्यावरूनच इंग्रजीत 'एगप्लांट' हे नाव पडलं. म्हणजे तिकडं वांगं आधी बघायला होतं, खायला नंतर. १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञानं त्याला सोलॅनम मेलोंजेना हे शास्त्रीय नाव दिलं.

आपल्याकडं मात्र पहिल्यापासून चुलीशी संबंध.

न्हाणीचं पाणी

आमच्या मराठवाड्यात पाणी हीच पहिली गोष्ट. घराच्या मागं न्हाणी, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं अळू, केळ, दोन मिरच्या आणि दोन-चार वांगी. याला कुणी 'किचन गार्डन' म्हणत नव्हतं, परस म्हणायचे, परडं म्हणायचे. भांडी घासलेलं पाणी, त्यातली राख, चुलीची राख, सगळं त्याच झाडांना.

या झाडांचं बी दुकानातून येत नव्हतं. एखादं चांगलं फळ झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, बी काढून राखेत घोळायचं आणि चिंधीत बांधून खुंटीला टांगायचं. हे काम बायांचं. लेक सासरी जाताना, बहीण माहेराहून परत येताना अशा पुरचुंड्या इकडून तिकडं जायच्या. कुठलं वांगं भरायला चांगलं, कुठलं भाजायला, कुठलं काटेरी पण चवीचं, ही निवड चुलीपाशी व्हायची. झाड मोठं होऊन वाट अडवायला लागलं तर ते परसात चालायचं नाही, म्हणून बेताच्या वाढीचं झाड आपोआप निवडलं जायचं, असं मला वाटतं.

फळाचा आकारही स्वयंपाकानं ठरवला. भरलं वांगं करायचं तर लहान, अख्खं, देठासकट लागतं. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं हैदराबादी बघारे बैंगनही इकडच्या चुलीवर रुळलं. त्यालाही लहान अख्खंच वांगं लागतं. लहान फळ कोवळं तोडायचं, दोन-तीन दिवसाला तोडायचं. अशा तोडणीला बुटकं झाड पुरतं. भरताचं वांगं वेगळं, ते मोठं, आणि त्याला झाडही दमाचं लागतं.

आता आपल्या शहराचं बघू. १६१० साली मलिक अंबरानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराच्या उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून खापरी नळानं पाणी आणलं, त्याला आपण नहर म्हणतो. नहरीचं पाणी हौदात पडायचं आणि हौदाच्या आसपास बाग व्हायची. जिथं सांडपाणी आणि ओल होती तिथं भाजी होती, एवढं साधं गणित. गावात न्हाणी, शहरात हौद.

सणाचंही बघा. आषाढी एकादशीपासून चातुर्मासात पुष्कळ घरांत कांदा, लसूण आणि वांगं बंद. ते सुटतं चंपाषष्ठीला, मार्गशीर्षात. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. आपल्या शहराजवळ साताऱ्याच्या खंडोबाला त्या दिवशी जी गर्दी होते ती सगळ्यांना ठाऊक आहे. धर्माचं कारण ज्याचं त्यानं मानावं. शेतकरी म्हणून मला एवढं दिसतं की पावसाळ्याच्या दमट उबदार हवेत वांग्यात अळी जोरात असते, आणि थंडी पडायला लागली की फळ निरोगी, चवदार येतं. चंपाषष्ठीचं भरीत उगाच गोड लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात थोरल्यांकडून ऐकल्यात. विहिरी आटल्या, लोक खडी फोडायला गेले, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वर्षी बायांनी प्यायच्या पाण्यातून वांगी जगवली नाहीत, शक्यच नव्हतं. पण हात धुतलेलं, भांडं विसळलेलं पाणी ज्या दोन झाडांच्या बुडात गेलं, ती झाडं टिकली आणि पुढच्या वर्षीचं बी टिकलं. शेतातलं वांगं त्या वर्षी गेलं, परसातलं राहिलं. माझ्या लेखी परसबागेचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

परसातून मळ्यात

मोटेच्या काळात मळा म्हणजे विहिरीभोवतीचे थोडे वाफे. पुढं इंजिन आलं, विजेची मोटर आली, धरणं आली. १९७६ ला जायकवाडीचं लोकार्पण झालं. रस्ते झाले, टेम्पो आले. वांगं गावच्या बाजारातून शहराच्या बाजारात जायला लागलं.

महाराष्ट्रात गावोगावच्या वांग्यांना आधीपासून नावं होती. पुण्याजवळच्या मांजरीचं गोल वांगं, सांगलीकडचं कृष्णाकाठचं वांगं, खानदेशातलं भरताचं हिरवट पांढरं वांगं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ही नावं कुण्या कंपनीनं दिलेली नाहीत. त्या त्या गावच्या मातीनं आणि खाणाऱ्यांनी दिली.

मग विद्यापीठं आली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं १९६९ चं, आपलं परभणीचं १९७२ चं. २०१३ पासून परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणतात. गावरान वांग्यांतून निवड करून शास्त्रज्ञांनी सरळ वाण पुढं आणले. त्यातले दोन आजच्या विषयाला महत्त्वाचे आहेत.

एक, मांजरी गोटा. शिफारशीचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात पहिलं वाक्य साधारण असंच असतं की झाड बुटकं आणि पसरट, खोडावर, पानांवर, फळांवर काटे. फळ गोल, जांभळट गुलाबी, त्यावर पांढरे पट्टे, आणि तोडल्यावर चार-पाच दिवस टिकणारं. दुसरं, वैशाली. तेही बुटकं, पसरट, फुलं आणि फळं झुबक्यानं येतात, फळ अंडाकृती, पांढऱ्या पट्ट्याचं.

बुटकं आणि पसरट, हे शब्द नीट वाचा. पाकिटावर 'कुंडीसाठी खास' म्हणून जे विकतात, तो गुण या वाणांत आधीपासून आहे. दोन्ही सरळ वाण आहेत, म्हणजे घरचं बी धरता येतं. कुंडीतलं वांगं शोधणाऱ्या माणसाला मी ही दोन नावं सांगतो. मांजरी गोट्याचे काटे सांभाळा म्हणून सांगतो, आणि लहान लेकरं असतील तर मिळेल तो कमी काट्यांचा गावरान वाण घ्या म्हणतो.

संकरित वाण आणि बाजार

संकराची गोष्टही वांग्यापासूनच सुरू होते, हे फार जणांना माहीत नाही. जपानमध्ये सैतामा इथल्या कृषी संशोधन केंद्रानं १९२४ साली वांग्याचं संकरित बी शेतकऱ्यांना दिलं. भाजीपाल्यातला शेतकऱ्यांपर्यंत गेलेला तो जगातला पहिला संकरित वाण मानतात. वांग्याचं फूल मोठं, हातानं परागीकरण करायला सोपं, आणि एका फळात बी भरपूर. म्हणून संकराला ते सोयीचं पडलं.

आपल्या शेजारी जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. पुढं जालना बियाण्याचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं, आणि बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानं उत्पादन वाढलं, माल एकसारखा झाला, वाहतुकीत टिकायला लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही. जाधववाडीच्या बाजारात कॅरेट उघडलं की खरेदीदार सगळ्यात आधी रंग आणि आकार बघतो. एकसारखा माल असला की भाव. परसातल्या चार झाडांवरची चार तऱ्हेची वांगी त्या कॅरेटात बसत नाहीत.

पण मोठ्या क्षेत्रावर सलग वांगं आलं तसं शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचंही फावलं. पतंग पानावर, कळीवर अंडी घालतो, अळी बाहेर पडून थोड्या तासांत शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून माणूस आत जायच्या आधी मारायला बघतो, आणि फवारे वाढत जातात. आज फवारणी, परवा तोडणी, हे बऱ्याच ठिकाणी घडतं. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

यावर उपाय म्हणून बीटी वांगं आलं. कपाशीत होता त्याच धर्तीचा क्राय-१-एसी जनुक महिकोनं वांग्यात घातला. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आणि कोइमतूरच्या विद्यापीठानं आपापल्या भागातल्या वाणांत तो उतरवला. धारवाडच्या यादीत आपला मांजरी गोटाही होता. १४ ऑक्टोबर २००९ ला जीईएसी या केंद्रीय समितीनं मंजुरीची शिफारस केली. त्यावर देशभर वाद झाला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला होती. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती आजही आहे. बांगलादेशानं मात्र २०१३ ला परवानगी दिली आणि २०१४ च्या जानेवारीत २० शेतकऱ्यांना पहिली रोपं वाटली.

कोण बरोबर, कोण चूक, यावर खाली भांडण नको. दोन्ही बाजूंचे शेतकरी माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांकडं कारणं आहेत. मला या वादातली एकच गोष्ट दाखवायची आहे. सगळी चर्चा एकर दोन एकराच्या वांग्याची होती. घरामागच्या चार झाडांच्या वांग्याला ना बीटी लागत होतं, ना आठवड्याला फवारा. तिथं सकाळी बाई बाहेर आली, सुकलेला शेंडा दिसला, नखानं खुडला, अळी चिरडली, काम संपलं. चार झाडांना हे जमतं, चार हजार झाडांना मजूर मिळत नाही. झाड तेच आहे, संख्या बदलली की सगळं गणित बदलतं.

म्हणूनच आज कित्येक शेतकऱ्यांच्या शेतात दोन प्रकारचं वांगं दिसतं. विकायचं वेगळं, खायचं वेगळं. बांधाकडंच्या पाच-सहा झाडांवर पंप फिरत नाही. शहरातल्या माणसानं आता कुंडी मागायला सुरुवात केली ती याच कारणानं. त्यालाही ती बांधाकडंची पाच झाडं हवी आहेत, फक्त त्याच्याकडं बांध नाही.

गच्चीवरची शेती

हे आपल्या महाराष्ट्रात आधी झालेलं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ऊन, पाणी, काडीकचरा यांचा हिशेब मांडून थोड्या जागेत भरपूर कसं पिकवायचं, हे ते शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांनाही शिकवायचे. 'प्लेंटी फॉर ऑल' हे त्यांचं पुस्तक पुष्कळांनी वाचलं असंल. त्याच वाटेनं मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर ड्रममध्ये आणि पिशव्यांत, उसाच्या चिपाडावर भाजीपाला पिकवून दाखवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

परदेशात तर बियाणं कंपन्यांनी याचा स्वतंत्र धंदाच केला. अमेरिकेत 'ऑल अमेरिका सिलेक्शन्स' नावाची निवड असते. त्यात २००५ ला 'फेअरी टेल', २००८ ला 'हॅन्सेल', २००९ ला 'ग्रेटेल' आणि २०१४ ला 'पॅटिओ बेबी' अशी लहान वांगी निवडली गेली. झाड लहान, फळ बोटभर नाहीतर लिंबापेक्षा थोडं मोठं, कुंडीसाठी केलेलं. चांगली आहेत. पण ती संकरित आहेत. पहिल्या वर्षी चित्रासारखं झाड येतं, त्याचं बी धरून दुसऱ्या वर्षी लावलं तर एक झाड आजोबावर जातं, एक मामावर. दरवर्षी पाकीट आणावंच लागतं.

लावायचं कसं

इतिहास झाला, आता हाताला काम.

भांडं कुठलंही चालतं. १५ किलोचा तेलाचा डबा, फुटका रांजण, जुनं घमेलं खोल असंल तर, खताचं रिकामं पोतं धुऊन. १५ ते २० लिटर माती मावली पाहिजे आणि बुडाला भोकं पाहिजेत. काळं प्लास्टिक आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात इतकं तापतं की मुळं भाजतात. त्याला गोणपाट गुंडाळा नाहीतर मातीची कुंडी घ्या.

निव्वळ काळी माती भरू नका. डब्यात ती वाळली की भेगाळते, ओली झाली की चिकटून बसते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू नाहीतर कोकोपीट. ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा.

रोप चार ते सहा आठवड्यांचं, वितभर झालं की लावा. एका डब्यात एकच. सहा तास ऊन पाहिजेच. सावलीत वांगं नुसतं पानं देतं. उन्हाळ्यात रोज पाणी, थंडीत बोट घालून ओल बघून. पंधरा दिवसाला दोन मुठी गांडूळखत. फळं धरली की बुटक्या झाडालाही काठीचा आधार द्या, पसरट झाडाच्या फांद्या वजनानं मोडतात.

बंद बाल्कनीत फुलं येतात पण फळ धरत नाही अशी तक्रार असते. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक भोक असतं. भुंगा फुलाला लटकून थरथर करतो तेव्हा पराग गळतो. भुंगा येत नसंल तर सकाळी फुलाच्या देठाला बोटानं हलक्या टिचक्या मारा. उन्हाळ्यात पारा फार चढला की फूलगळ होणारच, तेव्हा सावलीची जाळी टाका.

अळीसाठी रोज सकाळी एक नजर. सुकलेला शेंडा खुडून नष्ट करा, किडकं फळ झाडाखाली ठेवू नका. मावा, तुडतुडे दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क. आणि एक खूण ध्यानात ठेवा. पानं एकदम बारीक बारीक होऊन झाड गुच्छासारखं झालं, फळच येईना, तर ते बुटकं वाण नव्हे. तो बोकड्या रोग आहे, पर्णगुच्छ म्हणतात तो, तुडतुड्यांमुळं पसरतो. असं झाड उपटून टाका, त्याचा मोह धरू नका.

बहर संपला की झाड टाकू नका. वितभर राखून छाटा, वरची माती हलवून शेणखत घाला. खोडव्याला पुन्हा फूट येते. चार माणसांच्या घराला चार-पाच डबे असले की हंगामात आठवड्याला एक-दोन भाज्यांची सोय होते, हा माझा अनुभव.

बी धरा

आता मूळ मुद्दा. शेतात आपण सगळेच संकरित लावतो आणि लावणार, कारण बाजाराला ते लागतं. मग गावरान वांग्याचं बी जगणार कुठं? शीतगृहातल्या संशोधन केंद्रांत ते आहे आणि असायला पाहिजे. पण तिथलं बी झोपलेलं असतं. दरवर्षी आपल्या उन्हात, आपल्या पाण्यात उगवणारं बी फक्त परसात राहू शकतं. तिथं खरेदीदार नाही, कॅरेट नाही, एकसारखेपणाची सक्ती नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. शाळा न शिकलेल्या बाईनं घरात गावरान बियाण्याची बँक उभी केली, परसबागा उभ्या केल्या. त्यांना लोक बीजमाता म्हणतात. आपल्या आज्या जे चिंधीत बांधून खुंटीला टांगायच्या, तेच त्यांनी मोठं करून दाखवलं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

वांग्याचं बी धरणं सोपं आहे. सगळ्यात निरोगी झाडावरचं दुसरं-तिसरं फळ राखा, त्याला सुतळी बांधा म्हणजे घरात कुणी तोडणार नाही. फळ पिवळं, तपकिरी होऊन मऊ पडलं की काढा. गर पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी चांगलं, तरंगणारं टाका. सावलीत वाळवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा, वर नाव आणि साल लिहा. एका ग्रॅममध्ये दोनशेच्या वर बिया असतात, म्हणजे एका फळात अख्ख्या गल्लीची सोय आहे. शेजारी दुसरं वांगं असंल तर भुंगे भेसळ करतात, म्हणून फूल उमलायच्या आधी त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा आणि फळ धरलं की काढा.

शेतकऱ्यांसाठी यात थोडा धंदाही आहे. ट्रेमध्ये मांजरी गोटा, वैशाली आणि घरच्या गावरान वांग्याची रोपं करून शहरात विकता येतात. गिऱ्हाईक आहे, मी रोज बघतोय. फक्त रोपाबरोबर वाणाचं खरं नाव सांगा आणि बी कसं धरायचं तेही सांगा. पुढच्या वर्षी तो रोप घ्यायला येणार नाही अशी भीती बाळगू नका. तो आपल्या शेजाऱ्याला घेऊन येतो.

कृषी विज्ञान केंद्रातले आणि विद्यापीठातले साहेब लोक ही पोस्ट वाचतात, त्यांना विनंती. आपल्या सरळ वाणांपैकी डब्यात, कुंडीत कोणतं सगळ्यात चांगलं येतं, याची एक साधी चाचणी लावा. १५ लिटरचा डबा, आपलं ऊन, आपलं पाणी. शिफारशीच्या पुस्तकात त्याचं एक पान झालं तर शहरातल्या माणसाला परदेशी पाकीट शोधत फिरावं लागणार नाही.

आणि बाकी मंडळींनो, तुमच्या घरामागं, आजीच्या, मावशीच्या परसात कोणतं वांगं आहे ते खाली लिहा. गाव, रंग, काटे आहेत की नाहीत, भरायला की भाजायला. फोटो टाका. ज्यांच्याकडं जादा बी आहे त्यांनी तसं लिहा. मार्गशीर्षात माझ्याकडचं बी निघंल, ज्याला पाहिजे त्यानं शेतावर येऊन घेऊन जावं. पैसे नकोत, येताना तुमच्याकडचं एखादं बी आणा.